एकट्याने, दूरवर काम करणाऱ्यांसाठी संपर्काचं साधन कसं निवडावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनरक्षक, लाइनमन, पाणीपुरवठ्याचे पंपचालक, पवनचक्क्यांचे तंत्रज्ञ, मोबाईल टॉवरची देखभाल करणारे, पाड्यापाड्यावर फिरणाऱ्या आशाताई, रात्रपाळीचे रखवालदार, सर्वेक्षणासाठी डोंगरात गेलेली मुलं. हे सगळे कुणीतरी पाठवलं म्हणून एकटे जातात. खालची उत्तरं मुख्यतः पाठवणाऱ्यांसाठी आहेत : ठेकेदार, संस्थाचालक, छोटे कारखानदार, पर्यवेक्षक. जाणाऱ्यांनीही ती वाचावीत, म्हणजे काय मागायचं ते कळेल.

एकट्याचं काम नेमकं कशाला म्हणायचं?

हाक मारली तर ऐकू जाईल किंवा पडलो तर कुणाला दिसेल इतक्या अंतरावर दुसरं माणूस नाही, असं कुठलंही काम. त्यासाठी मेळघाट किंवा भामरागडच हवं असं नाही. एमआयडीसीतल्या गोदामात रात्री एकटा असलेला रखवालदारही यात येतो. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. माणूस पडल्यापासून त्याच्याजवळ कुणीतरी पोहोचेपर्यंत किती वेळ जाईल, ते मोजा. हा आकडा काढला की साधन निवडणं निम्मं सोपं होतं, कारण पाच मिनिटांचा धोका आणि पाच तासांचा धोका यांना एकच यंत्र चालत नाही.

मग सुरुवात कोणत्या साधनापासून करावी?

साधनापासून करूच नका. हे काम एकट्याने करायला हवं का, हा पहिला प्रश्न. काही कामांना उत्तर स्पष्ट आहे : नाही.

विजेच्या खांबावरचं काम घ्या. धक्क्याने हृदय बंद पडलं तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्यात छाती दाबून हृदय चालवणारा माणूस खांबाखालीच उभा हवा. जगातलं सर्वांत महागडं यंत्रही इथे फक्त वाईट बातमी लवकर पोहोचवेल. लाइनमनच्या हातातल्या संपर्काच्या साधनाचा खरा उपयोग काम सुरू व्हायच्या आधी असतो : उपकेंद्रातून परमिट घेणं, कोणता फीडर (वीजवाहिनी) बंद केला ते समोरच्याकडून पुन्हा वदवून घेणं, आणि काम संपल्यावर खांबावर कुणी नाही याची खात्री करून परमिट परत देणं. तुटक आवाजात ऐकलेलं ‘हो’ या कामात जीव घेऊ शकतं. म्हणून इथे स्पष्ट आवाजाला किंमत आहे, एसओएस बटणाला फार कमी.

विहीर, टाकी, सेप्टिक टँक आणि गटार यांचंही तसंच. प्राणवायू कमी असलेल्या जागेत माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होतो. बटण दाबायला वेळ मिळत नाही. गटार आणि सेप्टिक टँक साफ करायला संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शेतातल्या विहिरीत पंप काढायला उतरलेला भाऊ वर येत नाही म्हणून दुसरा उतरतो, आणि दोघंही जातात, हे आपल्याकडे पुन्हा पुन्हा घडतं. तिथे खर्च करायचाच असेल तर आधी वायू मोजणारं यंत्र, दोर आणि वर थांबणारा माणूस यांवर करा.

उंच टॉवरवर हार्नेसमध्ये (सुरक्षेच्या पट्ट्यांत) लटकून राहिलेला माणूसही हालचालीविना थोड्याच वेळात शुद्ध हरपू शकतो. त्याला खाली उतरवू शकणारा सोबती नसेल तर चढूच नये.

साधा मोबाईल पुरत नाही का?

पुष्कळ ठिकाणी पुरतो, आणि पुरत असेल तिथे उगाच दुसरं काही घेऊ नका. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ ही आहे. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये आपत्कालीन बटणाची सोय बंधनकारक आहे : स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं, साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरायचा. प्रत्यक्षात कंपनीगणिक थोडा फरक पडतो. काही फोनवर पाचदा दाबावं लागतं, काहींत सेटिंगमध्ये जाऊन ते सुरू करावं लागतं. त्यामुळे प्रत्येक माणसाच्या फोनवर ते एकदा बसून तपासा.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. तुमच्या कंपनीची रेंज नसली, पण दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोहोचत असला, तर पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसतं आणि ११२ लागू शकतो. घरी फोन लागत नाही म्हणून ११२ लावून बघायचंच नाही, असं करू नका.

मोबाईल कमी पडतो तो दोन जागी. कुणाचाच टॉवर नसेल तिथे, आणि माणूस स्वतः काही करण्याच्या अवस्थेत नसेल तेव्हा. शिवाय तिसरं, फार साधं कारण आहे : फोन मोटारसायकलच्या डिकीत असतो आणि माणूस ओढ्यात पडलेला असतो. फोन अंगावरच हवा, बंद होणाऱ्या खिशात किंवा दोरीने अडकवलेला.

आमच्याकडे रेंज येते-जाते. नेमकं कसं तपासायचं?

चालून. दुसरा मार्ग नाही. कंपन्यांच्या संकेतस्थळांवरचे रंगीत नकाशे अंदाज देतात. तुमच्या ओढ्यात, तुमच्या कड्याखाली काय होतं ते सांगू शकत नाहीत.

दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घ्या आणि माणूस ज्या वाटेने रोज जातो तीच वाट चाला. ठरलेल्या ठिकाणी थांबून पडद्यावरच्या दांड्या मोजू नका, फोन लावा. बोलणं दोन्हीकडून नीट ऐकू येतं का? एसएमएस जातो का, आणि पलीकडून ‘मिळाला’ असं उत्तर येतं का? कमकुवत सिग्नलवर बोलणं तुटतं, इंटरनेट तर चालतच नाही, पण छोटा एसएमएस बहुधा निघून जातो. म्हणूनच व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवण्यावर उभी केलेली योजना डोंगरात कोसळते आणि एसएमएसवर उभी केलेली तग धरते.

ही फेरी एकदाच करून थांबू नका. वीज गेल्यावर दोन-तीन तासांनी पुन्हा करा. दुर्गम भागातले टॉवर बॅटरीवर किती वेळ तग धरतात ते तेव्हाच समजतं, आणि वादळी पावसात माणूस अडकतो तेव्हा वीज गेलेलीच असते. पावसाळ्यात जंगल भरलं की परत एकदा करा. ओल्या पानांचं छत सिग्नल खातं, जीपीएसलाही जागा पकडायला जास्त वेळ लागतो.

जे सापडेल ते कागदी नकाशावर रंगवा : बोलता येतं तिथे हिरवा, फक्त एसएमएस जातो तिथे पिवळा, काहीच नाही तिथे लाल. रेंज कुठे मिळते हे गावकऱ्यांना आणि गुराख्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना विचारा आणि त्या जागा तुमच्या ‘खबर देण्याच्या जागा’ म्हणून ठरवून टाका. नकाशा तयार झाला की बरेचदा कळतं, की लाल पट्टा फक्त दीड-दोन किलोमीटरचा आहे. मग त्यासाठी यंत्र घ्यायची गरजच उरत नाही. पट्ट्यात शिरताना एक निरोप, बाहेर पडल्यावर एक निरोप, आणि ठरल्या वेळेत दुसरा आला नाही तर शोधायला निघणं, एवढ्यावर भागतं.

मोबाईलच्या नेटवर्कवर चालणारी वेगळी एसओएस यंत्रं मिळतात. त्यांत काय बघावं?

गळ्यात किंवा पट्ट्याला अडकवायचं, एकच मोठं बटण असलेलं यंत्र फोनपेक्षा बरं पडतं. हातमोजे घालून, अंधारात, घाबरलेल्या अवस्थेतही ते सापडतं. पण घेताना विचारा की ते २जी आहे की ४जी. स्वस्तातली बरीच जीपीएस घड्याळं आणि ट्रॅकर फक्त २जीवर चालतात. जिओचं २जी नेटवर्कच नाही. तुमच्या डोंगरात फक्त जिओ पोहोचत असेल, तर असं यंत्र तिथे गळ्यात नुसतं लटकत राहील. ४जी असेल तर त्यावर आवाजाचा कॉल खरोखर लागतो का, तेही बघा.

ज्या सिमला एकाहून अधिक कंपन्यांचं नेटवर्क पकडता येतं, तसं सिम यंत्रात असेल तर फारच चांगलं. आपल्याकडे यंत्रांसाठीच्या सिमना तेरा आकडी क्रमांक असतो. विक्रेत्याला विचारा, की सिम कुणाच्या नावावर आहे आणि रिचार्ज कोण करतं. संपलेल्या रिचार्जमुळे मुकं झालेलं यंत्र ही सर्वांत स्वस्तात टाळता येणारी दुर्घटना आहे.

पाण्याचा प्रश्न आयपी क्रमांकाने सुटतो; धूळ आणि पाणी यांपासून यंत्र किती सुरक्षित आहे ते हा क्रमांक सांगतो. सह्याद्रीतल्या पावसाला आयपी ६७ च्या खालचं काही घेऊ नका. पेट्रोल, गॅस किंवा रसायनांच्या टाक्यांजवळ काम असेल तर स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित केलेलंच यंत्र लागतं. ही मान्यता देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. साधा मोबाईल अशा जागी नेणंच धोक्याचं.

माणूस बेशुद्ध पडला तर बटण कोण दाबणार?

त्यासाठी दोन सोयी असतात. पहिली, आडवं पडणं किंवा हालचाल थांबणं ओळखणारा सेन्सर. यंत्र आधी काही सेकंद वाजतं; माणसाने ते बंद केलं नाही तर संदेश जातो. ऐकायला उत्तम, पण काम बघून ठरवा. खूप वाकावं लागतं, मचाणावर तासन् तास निश्चल बसावं लागतं, खडबडीत रस्त्यावर मोटारसायकल चालवावी लागते, अशा कामात तो दिवसातून दहादा वाजेल. तिसऱ्या दिवशी माणूस तो बंद करून ठेवेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

दुसरी सोय मला जास्त भरवशाची वाटते : वेळ लावून जाणं. काम चाळीस मिनिटांचं असेल तर पन्नास मिनिटांचा गजर लावायचा. वेळेत ‘ठीक आहे’ कळवलं नाही, तर पलीकडे आपोआप इशारा. याची खुबी अशी, की यंत्र फुटलं, बुडालं, बॅटरी संपली, रेंज गेली तरी इशारा थांबत नाही, कारण वेळ पलीकडच्या बाजूला मोजला जातो. मात्र घेताना नीट विचारा. काही ॲपमध्ये गजर फोनमध्येच चालतो. फोन मेला की गजरही मेला. असलं ॲप नको.

रेंज अजिबात नाही, तिथे वॉकी-टॉकी चालेल?

चालतो, आणि एका डोंगरावर, एका जंगलात किंवा एका प्रकल्पावर चारपाच माणसं असतील तर सर्वांत चांगला तोच. एक बोलतो, सगळे ऐकतात. जवळचा माणूस आधी निघतो. वनखात्याने बिनतारी संच इतकी वर्षं सांभाळले, त्यामागे हेच कारण आहे.

पण खोक्यावरच्या अंतरावर विश्वास ठेवू नका. या संचांच्या रेडिओ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सपाट, मोकळ्या जमिनीवर उभ्या असलेल्या दोन माणसांमध्ये पृथ्वीच्या गोलाईमुळे साधारण दहा किलोमीटरची सीमा पडते. झाडी, चढउतार आणि अंगाला चिकटलेला अँटेना धरले तर पाच वॉटच्या संचावरही दोन ते चार किलोमीटर मिळाले तर चांगलं समजा. मधे डोंगराची सोंड आली की तेही नाही. याउलट आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा तीनशे मीटर उंच माथ्यावर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं बोलणं पुढे पाठवणारा संच, बसवला, तर हिशोबाने तीच सीमा पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे पैसे जास्त वॉटवर घालवण्यापेक्षा उंचीवर घालवा. जंगलात व्हीएचएफ (कमी वारंवारितेचा) पट्टा चांगला, इमारतींच्या आत यूएचएफ (जास्त वारंवारितेचा).

ऑनलाइन दोन हजारांत वॉकी-टॉकीची जोडी मिळते. घेऊन टाकू?

थांबा. भारतात बिनतारी संचाला परवाना लागतो. सवलत आहे ती ठरावीक पट्ट्यांना. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले अर्ध्या वॉटचे संच परवान्यातून मोकळे केले, पण त्या संचालाही सरकारची उपकरण-मान्यता असावी लागते. बाजारात येणारे पुष्कळसे संच या पट्ट्याबाहेर बोलतात. पोलीस किंवा इतर यंत्रणांच्या वारंवारितेवरही जाऊ शकतात. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा दिल्या, त्या यासाठीच. विक्रेत्याकडे मान्यतेचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावर लिहिलेली वारंवारिता व वॉट वाचा. दाखवत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

अर्ध्या वॉटचा संच बांधकामाच्या जागेवर किंवा फार्मवर पुरतो. डोंगरी काम असेल, रिपीटर लावायचा असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवरून रीतसर वारंवारिता आणि परवाना घ्या. वेळ लागतो, हे खरं. म्हणून काम सुरू व्हायच्या महिनोन् महिने आधी अर्ज करा, ठेका हातात आल्यावर नाही.

लोरा नावाचं काहीतरी ऐकलं. ते काय आहे?

अगदी थोडी माहिती, खूप लांब, खूप कमी विजेत पाठवायची पद्धत. भारतात ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा छोटा पट्टा यासाठी परवानामुक्त आहे. आवाज जात नाही. ‘मी ठीक’, ‘मदत पाठवा’ आणि कुठे आहे, एवढं जातं. स्वतःचा टॉवर उभारायची आणि तो सांभाळायची तयारी असलेल्या चहाच्या मळ्यांना, मोठ्या सौर किंवा पवन प्रकल्पांना हे शोभतं. दोन माणसांच्या संस्थेने याच्या मागे लागू नये.

मुलगा अमेरिकेत असतो. तो सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीच आणतो म्हणतोय.

कृपा करून आणू देऊ नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रहावरून संपर्क साधणारं साधन बाळगणं गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियम या उपग्रह-सेवांना मनाई आहे, आणि इनरीच हे उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं छोटं यंत्र इरिडियमवरच चालतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला इनरीच सोबत असल्यामुळे अडवण्यात आलं. तिकडे हे साधन गिर्यारोहकाच्या पाठपिशवीत सहज असतं, त्यामुळे आणणाऱ्याच्या मनातही काही नसतं. तरी पोलीस ठाणं चुकत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात हल्लेखोरांनी सॅटेलाइट फोन वापरला होता. नियम इतके कडक असण्याला ही पार्श्वभूमी आहे.

कायदेशीर मार्ग बीएसएनएलमार्फत इनमारसॅट या उपग्रह-सेवेच्या फोनचा. परवानगीसाठी कागदपत्रं आणि सबळ कारण लागतं. हाती आला तरी एक मर्यादा लक्षात घ्या : त्याचे उपग्रह विषुववृत्तावर आहेत, म्हणजे आपल्याकडून ते आकाशाच्या दक्षिण भागात दिसतात. दक्षिणेला उभा कडा असलेल्या दरीत तो लागणार नाही. उघड्यावर यावं लागेल. मोडलेल्या पायाने हे जमेल का, याचा विचार करा.

स्मार्टफोनवरून थेट उपग्रहाला एसओएस पाठवायची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. ती सेवा देशागणिक मिळते. फोनचं मॉडेल तेच आहे, एवढ्यावर सह्याद्रीत तिच्यावर भिस्त ठेवू नका.

समुद्रावर काय?

समुद्रावर उलट आपली सोय पुष्कळ बरी आहे. इस्रोने मच्छीमारांसाठी बनवलेलं ‘डॅट’ हे संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आहे. बटण दाबलं की उपग्रहामार्फत ठिकाण आणि संकटाचा प्रकार तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राला कळतो. त्याच्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात बोटीवर उत्तरही परत येतं, की निरोप पोहोचला आहे. बुडत्या बोटीवरच्या माणसासाठी ही एवढी ओळ काय आहे, ते वेगळं सांगायला नको. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर (उपग्रहामार्फत दुतर्फा निरोप पोहोचवणारी यंत्रं) बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. आपल्या सोसायटीत किंवा मत्स्यव्यवसाय खात्याकडे नाव आहे का, ते विचारा. सोबत व्हीएचएफ संचावर चॅनेल १६, आणि किनाऱ्याजवळ मोबाईल लागत असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

एसओएसचा संदेश कुणाकडे जायला हवा?

इतके प्रश्न येतात, त्यांत हा सर्वांत कमी येतो. मला मात्र सगळं यावरच उभं आहे असं वाटतं. दुकानदार बटण विकतो. बटणाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, ते तुम्हालाच बसवावं लागतं.

बहुतेक ठिकाणी संदेश पर्यवेक्षकाच्या फोनवर जातो. पर्यवेक्षक रात्री झोपतो, लग्नाला जातो, गाडी चालवतो, त्याचाही फोन बंद पडतो. म्हणून किमान तीन माणसांची साखळी हवी आणि पहिल्याने ठरावीक मिनिटांत ‘मी बघतोय’ असं कळवलं नाही तर संदेश आपोआप पुढच्याकडे जायला हवा. संदेश पाच जणांच्या गटात एकाच वेळी टाकण्याची पद्धत मला पसंत नाही; प्रत्येकाला वाटतं दुसरा निघाला असेल.

उत्तर देणाऱ्याच्या हाताशी एका पानावर लिहिलेलं असावं : हा माणूस आज कुठे गेला आहे, कोणत्या वाटेने, गाडी कोणती, त्या भागातलं सर्वांत जवळचं गाव कोणतं, तिथे पोलीस पाटील किंवा ओळखीचं कोण आहे, आणि जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सापाच्या विषावरचं औषध (प्रतिविष) ठेवलेलं असतं. अक्षांश-रेखांशाचे आकडे पाड्यावरच्या माणसाला सांगून उपयोग नाही. त्याला ‘वरच्या झऱ्याच्या पलीकडचा आंबा’ कळतो. मदतीला सर्वांत आधी पोहोचतो तो पाड्यावरचाच माणूस. म्हणून तुमच्या नकाशावर गावकऱ्यांची नावं वापरा.

बाहेरच्या कंपनीचं चोवीस तासांचं नियंत्रण कक्ष घेत असाल, तर दोन गोष्टी विचारा. रात्री तिथे मराठी बोलणारं कुणी असतं का? आणि ते तुमच्या जिल्ह्यात नेमकं कुणाला फोन करणार? ‘संबंधित यंत्रणेला’ असं उत्तर मिळालं तर सही करू नका. ब्रिटनमध्ये एकट्या कामगारांच्या सुरक्षा-सेवेसाठी बीएस ८४८४ हे मानक आहे. काही विक्रेते इथेही त्याचं नाव घेतात. मानक कक्षाच्या कामाबद्दल बोलतं, धडगावच्या घाटातल्या रस्त्याबद्दल नाही.

महिला कर्मचाऱ्यांसाठी वेगळं काही लागतं का?

धोका वेगळा असतो, म्हणून बटणही वेगळं हवं. आशाताई किंवा वसुलीला फिरणारी बचत गटाची ताई यांना भीती बहुतेक वेळा माणसाची असते, पडण्याची कमी. तिथे मोठ्याने वाजणारं यंत्र प्रसंग चिघळवू शकतं. आवाज न करता संदेश पाठवणारं, पलीकडच्याला ऐकता येईल असा कॉल उघडणारं साधन घ्या, आणि फोनवर बोलायचं एखादं साधं ठरलेलं वाक्य ठेवा, उदाहरणार्थ ‘हिरवी फाईल घरी राहिली’. ते ऐकताच पलीकडच्याने प्रश्न न विचारता निघायचं.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात (२०१७) महिलांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था या दोन्ही अटी आहेत. नुसतं यंत्र देऊन ही अट पुरी होत नाही. घरापर्यंत गाडी हाही त्याचाच भाग समजा.

कर्मचारी म्हणतात, ‘हे आमच्यावर पाळत ठेवायला आहे.’

पुष्कळदा त्यांचं बरोबर असतं. सुरक्षेच्या नावाने दिलेल्या यंत्रातून चहाला किती वेळ थांबलात याचा हिशोब निघाला, की ते यंत्र दुसऱ्या दिवसापासून टपरीवर ठेवून माणूस जंगलात जातो. मग खऱ्या संकटात शोधणारे टपरीवर पोहोचतात. लोकेशन फक्त एसओएस दाबल्यावर किंवा वेळ चुकल्यावरच दिसेल, असं यंत्र निवडा. काम संपल्यावर ते पूर्ण बंद व्हावं. कोण काय बघू शकतो आणि किती दिवस ठेवलं जातं, हे मराठीत एका कागदावर लिहून द्या. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी विश्वासाचा प्रश्न आहे. हजेरीसाठी वेगळं काही वापरा. वाघ-गणतीच्या किंवा गस्तीच्या ॲपलाही सुरक्षेचं यंत्र समजू नका. वाघ प्रकल्पांतलं एम-स्ट्राइप्स गस्त नोंदवतं, वनरक्षक पडला तर त्याची दखल घेणं हे त्याचं काम नाही.

खोटे इशारे फार येतात. काय करावं?

चिडू नका. चुकून दाबलं गेलं म्हणून ज्याला एकदा बोलणी बसली, तो खरं संकट आल्यावरही दाबताना विचार करतो. प्रत्येक खोट्या इशाऱ्याला तीच तत्परता दाखवा, आणि कारण शोधा : बटण फार उघडं आहे का, सेन्सर फार हळवा आहे का, पट्टा चुकीच्या जागी आहे का.

रात्री एकट्याने शेताला पाणी द्यायला जावं लागतं. आमच्याकडे कुठली कंपनी, कुठलं कार्यालय?

हा प्रश्न फार शेतकरी विचारतात आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे साप, बिबट्या आणि ओल्या स्टार्टरचा धक्का हे तिन्ही धोके एकट्या माणसावर येतात. खरा उपाय दिवसा वीज हाच आहे. तोवर बटणांचा साधा फोन घ्या. त्याची बॅटरी कित्येक दिवस टिकते. त्याला दोन सिम घाला, घरचा आणि शेजाऱ्याचा क्रमांक एकेका बटणावर ठेवा. घरातल्यांशी वेळ ठरवा : अमुक वाजता मिस्ड कॉल आला नाही तर शेजाऱ्याला उठवून दोघांनी निघायचं, एकट्या बाईने किंवा मुलाने नाही. मोठी टॉर्च, गमबूट आणि काठी हवीच. पावसाळ्याच्या तोंडाला पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप घरातल्या स्मार्टफोनवर ठेवा. आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी कळवतं, आणि मोटर चालू करायला निघालेल्याला घरातूनच थांबवता येतं.

साप चावलाच तर दवाखान्याकडे चालत किंवा धावत सुटायचं नाही. बसून राहायचं, पाय हलवायचा नाही, फोन करायचा. एवढ्यासाठीच तो फोन कमरेला हवा, बांधावर ठेवलेल्या शर्टात नको.

यंत्रं आली. पहिल्या महिन्यात काय करायचं?

साखळीतल्या कुणालाही न सांगता एक दिवस, नेहमीच्या कामाच्या वेळी, लाल पट्ट्याच्या टोकाशी असलेल्या माणसाला बटण दाबायला सांगा आणि घड्याळ लावा. ११२ ला यात ओढू नका. सराव आपल्या साखळीपुरताच. संदेश किती मिनिटांत आला, पहिल्याने उचलला का, गाडीत डिझेल होतं का, वाटेतल्या फाटकाची किल्ली कुणाकडे होती, पोहोचायला किती वेळ लागला, हे लिहून ठेवा. हाच सराव रात्री एकदा, आणि जोराच्या पावसात एकदा. जो वेळ निघेल तो त्या वाटेवर जाणाऱ्या प्रत्येकाला खराखरा सांगा. दोन तास लागत असतील तर दोन तास सांगा, म्हणजे तो पाण्याची बाटली, पट्टी आणि पांघरूण सोबत घेऊन जाईल.